संगीतनियंत्रण, स्पर्शपटलाद्वारे

ध्वनिमुद्रणाची व संगीतरचनेची आज्ञावली (हिला व्यवहारात सॉफ्टवेअर असेच म्हणतात) संगणकावर चालू असताना तिची सूत्रे वेगळ्या, हातात धरता येणाऱ्या स्पर्शपटलावरून हलविण्याच्या पद्धतीस स्पर्शपटलाद्वारे संगीतनियंत्रण म्हणतात. या पद्धतीत टॅब्लेट हे वाद्य नसते व ध्वनीही त्यातून निघत नाही. ध्वनी संगणकातच तयार होतो, टॅब्लेट केवळ आज्ञा पाठवितो. मुद्रण सुरू करणे व थांबविणे, तबल्याची पातळी खाली आणून गायकाचा आवाज वर काढणे, घुमारा कमी-जास्त करणे, चुकलेली ओळ पुन्हा गाण्यासाठी मागे जाणे ही कामे त्याच्याकडून होतात. टॅब्लेटचा वाद्य म्हणून होणारा वापर हा याला लागून असलेला परंतु वेगळा विषय आहे. दोहोंची गल्लत नेहमी होते व तिच्यामुळे साधनाच्या निवडीत चुकाही होतात, म्हणून हा भेद आरंभीच ध्यानात घेणे इष्ट ठरते.

पूर्वपीठिका : यंत्रातून निघणारा ध्वनी हाताच्या कोणत्या हालचालीने आवरावयाचा, हा प्रश्न विद्युत् संगीताइतकाच जुना आहे. रशियन भौतिकीविज्ञ ल्येफ थेरेमिन यांनी सु. १९२० मध्ये केलेले वाद्य हात न लावताच, दोन आकाशकांजवळ हात नेऊन वाजविले जाई. फ्रान्समधील मोरीस मार्तनो यांनी १९२८ मध्ये आपल्या वाद्यात बोटात घालावयाची अंगठी व तिला जोडलेली तार वापरून स्वर सलग सरकविण्याची सोय केली. कॅनडातील ह्यू ल केन यांनी १९४५–४८ या काळात तयार केलेल्या वाद्यात उजवा हात पट्ट्यांवर, तर डावा हात दाबसंवेदी नियंत्रकांवर असे आणि डाव्या हाताच्या बोटांनी नादाची जात बदलता येई. स्वर निवडणे आणि स्वराला वळण देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या तिन्ही प्रयत्नांमागील सूत्र होय.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पेटीच्या निमित्ताने उपस्थित झाला होता. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला स्वर उमटतो. दोन स्वरांमधील वाट तिच्यात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार करविली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी शिथिल झाली. तोवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याच बारा पट्ट्यांमधून मराठी रंगभूमीचे व मैफलीचे संगीत किती दूर नेता येते, हे दाखवून दिले होते. संगणकाच्या पट्टीबद्दल आज घेतले जाणारे आक्षेप व त्यांना दिली जाणारी उत्तरे या जुन्या वादातील आहेत, एवढे येथे नमूद करणे पुरे.

दुसरी परंपरा ध्वनिसंमिश्रणाची. बोलपट स्थिरावल्यानंतर संवाद, गाणी, पार्श्वसंगीत व इतर आवाज एकत्र करण्याचे काम स्वतंत्र कारागिरी म्हणून वाढले. मुंबईतील राजकमल कलामंदिर या व्ही. शांताराम यांच्या चित्रसंस्थेत काम करणारे मंगेश देसाई हे या कारागिरीतील श्रेष्ठ नाव होय. शोले (१९७५) व सत्यजित राय यांचा शतरंज के खिलाडी (१९७७) यांसारख्या चित्रपटांचे ध्वनिसंमिश्रण त्यांनी केले. पडद्याकडे पाहत, कानाने ऐकत, बोटांखालील सरकपट्ट्या न पाहता हलविणे हे त्या कामाचे मर्म होते. बोटाला पट्टीची जागा स्पर्शाने कळत असल्यामुळे डोळे मोकळे राहत. स्पर्शपटलाने नेमकी हीच सोय काढून घेतली. तिचा विचार पुढे केला आहे.

स्पर्शपटलाचा विकास : बोटाच्या स्पर्शाने विद्युत् धारणेत होणारा बदल ओळखणाऱ्या पटलाची कल्पना इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. ती विमानवाहतूक नियंत्रणासाठी होती. जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत बेंट स्टुंप व फ्रँक बेक यांनी १९७२–७३ च्या सुमारास कणवेगवर्धकाच्या नियंत्रणकक्षासाठी पारदर्शक स्पर्शपटल तयार केले. हजारो बटणे व खुंट्या यांऐवजी एकाच पटलावर हवी ती बटणे हवी तेव्हा दाखवावयाची, हा त्यामागील विचार होता. मुद्रणकक्षातील अडचण याच जातीची असल्याने तो पुढे तेथेही लागू पडला.

एकाच वेळी अनेक बोटे ओळखणे ही पुढची पायरी होती आणि तिच्याकडे संगीतक्षेत्रातील माणसे लवकर वळली. सरकपट्टी एका वेळी एकच हलविणारा संमिश्रक काय कामाचा, किंवा एकाच बोटाचा तबला कसा वाजावयाचा, असे प्रश्न त्यांच्यापुढे होते. टोराँटो विद्यापीठात विल्यम बक्स्टन व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये अनेक बोटांचा स्पर्श व दाब ओळखणाऱ्या फलकाचे वर्णन प्रसिद्ध केले. बक्स्टन हे स्वतः संगीतकार होते व त्याआधी संगणकसंगीताच्या प्रकल्पात काम करीत होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांनी १९९९ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. टंकलेखनाने त्यांच्या हातांना जडलेली वेदना हे त्यांच्या शोधाचे एक कारण होते. वेस्टरमन व जॉन इलायस यांची फिंगरवर्क्स ही संस्था ॲपल या कंपनीने २००५ मध्ये विकत घेतली व १९०७ च्या शतकभरानंतर, म्हणजे २००७ मध्ये, आयफोन हा दूरध्वनिसंच बाजारात आला.

दरम्यान संगीतासाठीच घडविलेली पटलेही निघाली होती. जपानच्या कॉर्ग कंपनीने १९९९ मध्ये काऑस पॅड ही एका बोटाने चालणारी चौकोनी पाटी आणली. बार्सेलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठात टेबलावर ठोकळे ठेवून वाजविण्याचे रिॲक्टेबल हे साधन तयार झाले. फ्रान्समधील बोर्दो येथील जॅझम्यूटंट या संस्थेने २००५ मध्ये लीमर हे यंत्र विक्रीस आणले. सु. ३० सेंमी. कर्णाच्या त्याच्या पटलावर वापरणाऱ्याने सरकपट्ट्या, चकत्या व बटणे आपल्या मनाप्रमाणे मांडावयाची व एकाच वेळी अनेक बोटांनी चालवावयाची, अशी त्याची रचना होती. आइसलँडची गायिका ब्यर्क हिच्या २००७ च्या दौऱ्यात लीमर व रिॲक्टेबल ही दोन्ही साधने रंगमंचावर दिसली आणि जगभर ठाऊक झाली. मात्र लीमरची किंमत सु. दोन हजार युरो होती.

एप्रिल २०१० मध्ये ४९९ डॉलरपासून मिळू लागलेल्या आयपॅड या टॅब्लेटने हे चित्र पालटले. टचओएससी ही नियंत्रक आज्ञावली त्यापूर्वीच, २००८ मध्ये, आयफोनसाठी निघाली होती. ती आता मोठ्या पटलावर आली. लीमर यंत्राचे उत्पादन थांबले व तेच नाव घेऊन २०११ अखेर ते टॅब्लेटवरील आज्ञावलीच्या रूपाने परतले. ॲपलने २०१३ मध्ये आपल्या लॉजिक या मुद्रण आज्ञावलीसाठी लॉजिक रिमोट हा दूरनियंत्रक विनामूल्य दिला. मॅकी कंपनीने २०१२ मध्ये सोळा वाहिन्यांचा असा संमिश्रक आणला, की ज्यावर सरकपट्ट्या नव्हत्याच. त्यांची जागा आयपॅडने घेतली होती. भारतात आयपॅड जानेवारी २०११ मध्ये २७,९०० रुपयांपासून मिळू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने विद्यार्थ्यांसाठी आकाश हा स्वस्त टॅब्लेट जाहीर केला. त्याचे सु. १८ सेंमी.चे पटल रोधतत्त्वावर चालणारे असल्याने दोन सरकपट्ट्या एकदम हलविणे त्यावर शक्य नव्हते.

आज्ञांची भाषा : वेगवेगळ्या कंपन्यांची विद्युत् वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत म्हणून अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी ही संकेतपद्धती तयार झाली व १९८३ मध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये जोडून तिचे प्रात्यक्षिक झाले. तीत दर सेकंदास ३१,२५० द्विमान अंक जातात व बहुतेक राशी ० ते १२७ या १२८ पायऱ्यांत मोजल्या जातात. आवाजाच्या पातळीस एवढ्या पायऱ्या साधारणतः पुरतात. ६४ डेसिबलचा पल्ला समान वाटला, तर प्रत्येक पायरी अर्ध्या डेसिबलची होते आणि ती सहसा खटकत नाही.

स्वराच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा लागतो. एका सप्तकाचे १,२०० सेंट मानले, तर वर एक व खाली एक अशा दोन सप्तकांच्या मींडेसाठी २,४०० सेंटचा पल्ला लागतो. तो १२७ अंतरांत विभागल्यास प्रत्येक पायरी सु. १९ सेंट एवढी येते. प्रमाणश्रुती सु. २२ सेंटची असते. म्हणजे श्रुतीएवढ्या पायऱ्यांचा जिना चढत मींड जाणार, व ऐकणाऱ्याला ती खडबडीत वाटणार. मिडीमध्ये स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांचा वेगळा संकेत मुळापासून आहे. तो वापरल्यास पायरी एका सेंटच्या सातव्या हिश्श्याएवढी बारीक होते. टॅब्लेटवर सरकपट्टी मांडताना कोणता संकेत जोडला, यावर गाण्याचे रूप ठरते. आणि हा निर्णय पुष्कळदा आज्ञावलीबरोबर आलेल्या तयार मांडणीवर सोडून दिला जातो. २०१८ मध्ये मान्य झालेल्या पूरक पद्धतीत प्रत्येक बोटाला स्वतंत्र वळण देता येऊ लागले आणि २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती स्वीकारली गेली. बोट सरकवून मींड घेण्याची शक्यता भारतीय संगीतकारांनी त्याआधीच ओळखली होती. ए. आर. रहमान यांनी दिल्ली-६ (२००९) या चित्रपटातील एका गीतात लिपोल्ड हाकेन यांचे कंटिन्यूअम हे सलग स्पर्शफलकाचे वाद्य वाजविले आहे. दक्षिणेत महेश राघवन यांनी कर्नाटक संगीत आयपॅडवर वाजवून दाखविले.

मिडीला पर्याय म्हणून अमेरिकेतील बर्कली येथील संगणकसंगीत केंद्रात मॅथ्यू राइट व एड्रियन फ्रीड यांनी १९९७ मध्ये ओपन साउंड कंट्रोल ही पद्धती मांडली. तीत प्रत्येक आज्ञेला टपालाच्या पत्त्यासारखा वाचता येण्याजोगा पत्ता असतो आणि मूल्य १२८ पायऱ्यांत अडकून पडत नाही. ती संगणकांच्या जालावरून, म्हणून बिनतारी मार्गानेही, जाऊ शकते. टॅब्लेटला तारेच्या बंधनातून सोडविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी तिच्याकडे जाते.

कार्यपद्धती : बोट सरकले की टॅब्लेट त्याचे स्थान आकड्यात मांडतो व बिनतारी मार्गाने संगणकाकडे धाडतो. संगणकातील आज्ञावली तो आकडा ठरलेल्या वाहिनीस लावते आणि नवी स्थिती टॅब्लेटला परत कळविते. त्यामुळे दोहोंवरील पट्ट्या जुळलेल्या राहतात. या फेरीस लागणारा वेळ चांगल्या जुळणीत काही सहस्रांश सेकंद असतो. दहा सहस्रांश सेकंदांत ध्वनी हवेतून सु. ३·४ मी. जातो. म्हणजे वादकापासून चार पावलांवर बसलेल्याला जेवढा उशीर सहज चालतो, तेवढाच हा आहे. पट्टी हलविण्यास तो जाणवत नाही. बोटाने तबल्याचा बोल वाजवू पाहणाऱ्याला तो दुपटीने वाढताच बाधतो. अँड्रॉइड जातीच्या जुन्या, स्वस्त टॅब्लेटमध्ये स्पर्शापासून ध्वनी निघेपर्यंत फार वेळ जाई. त्यामुळे वाद्य म्हणून ते निरुपयोगी ठरले. नियंत्रक म्हणून मात्र ते चालले, कारण ध्वनी त्यांच्यातून काढावयाचाच नव्हता. आरंभी सांगितलेला भेद लहान गावांतील मुद्रणकक्षांना असा उपयोगी पडला.

जालावरून जाणारी आज्ञा अनेकदा पोचपावतीशिवाय धाडली जाते. वाटेत एखादी हरवली, तर पट्टी किंचित मागे राहते व पुढच्या आज्ञेने सुधारते. परंतु स्वर थांबविण्याची आज्ञा हरवली, तर स्वर वाजतच राहतो. यासाठी सर्व स्वर बंद करणारे एक बटण मांडणीत ठेवण्याचा प्रघात आहे.

मराठवाड्यातील स्थिती : नांदेड व लातूर या भागांत ध्वनिमुद्रणाची साधने उशिरा आली, याला राजकीय इतिहासाचे कारण आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. ध्वनिमुद्रिका व बोलपट यांचा धंदा मुंबई, पुणे व कोल्हापूर येथे वाढला, तर संस्थानाचे नभोवाणी केंद्र हैदराबादेत होते. आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८ मध्ये व नांदेड केंद्र १९९१ मध्ये सुरू झाले. लातूर हा जिल्हाच मुळी १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. आकाशवाणीवर गाण्यासाठी आवाजाची चाचणी द्यावी लागे व मुद्रणाचा कक्ष सरकारी होता. स्वतःच्या खर्चाने गाणे मुद्रित करू इच्छिणाऱ्यास बाहेरगावी जाणे भाग पडे.

या प्रदेशात गाण्यास मात्र तोटा नव्हता. वारकरी कीर्तन व भजन, तुळजाभवानीची आराधी गीते व गोंधळ, नांदेड येथील सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारातील शबदकीर्तन, सुफी दर्ग्यांतील कव्वाली आणि आंबेडकरी जलशांतून वाढलेली भीमगीते या सर्वांचा श्रोता येथे होता. १९८० नंतर स्वस्त ध्वनिफितींनी या गाण्यांना बाजारपेठ दिली. कंठ व शब्द मराठवाड्याचे, परंतु वाद्यमेळ व संमिश्रण शहरातील, अशी विभागणी त्यातून झाली. गायकाला दिवसाच्या भाड्याने मुद्रणकक्ष मिळे. वेळ संपत आली की गाणे जसे असेल तसे संपवावे लागे. आवाज पुढे ठेवावयाचा की ढोलकी, हे गायकाने नव्हे, तर कक्षातील तंत्रज्ञाने ठरवावयाचे. ध्वनिफितीच्या काळातील पुष्कळ गाणी एकमेकांसारखी ऐकू येतात, याचे एक कारण हे आहे. केवळ गायकांच्या अनुकरणप्रियतेला दोष देणे न्याय्य होणार नाही.

२००० नंतर संगणकावरील मुद्रण आवाक्यात आले आणि नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी राहत्या घरातील एका खोलीत मुद्रणकक्ष उभे राहू लागले. ध्वनिफीत मागे पडली. तबकड्या, नंतर भ्रमणध्वनीच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळणारी गाणी आणि शेवटी यूट्यूब असा वितरणाचा क्रम लागला. त्या वर्षांत वीजकपात ही मोठी अडचण होती. अनेक तासांची कपात गृहीत धरूनच मुद्रणाची वेळ रात्री उशिरा ठेवली जाई.

अशा खोलीत टॅब्लेटचा उपयोग ठळकपणे कळतो. येथे गायक, संगीतकार व तंत्रज्ञ अनेकदा एकच व्यक्ती असते. संगणकातील पंख्याची घरघर ध्वनिग्राहकात येऊ नये म्हणून संगणक दुसऱ्या खोलीत किंवा दाराबाहेर ठेवावा लागतो. तेव्हा मुद्रण सुरू करून गायकाने धावत ध्वनिग्राहकापाशी यावयाचे, चुकल्यास पुन्हा जावयाचे, असा प्रकार होई. धाप लागलेल्या आवाजात पहिली ओळ मुद्रित होई ती वेगळीच. टॅब्लेट ध्वनिग्राहकाशेजारच्या टेकणीवर ठेवला, की सुरुवात, थांबा व पुनरावृत्ती जागेवरून करता येते. टॅब्लेटला पंखा नसतो, त्यामुळे तो स्वतः आवाज करीत नाही. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते आणि मुद्रणाच्या वेळी छताचा पंखा बंद ठेवावा लागतो. गाद्या व जाड पडदे लावलेल्या बंद खोलीत गायकाचा प्रत्येक हेलपाटा वाचणे ही तेथे केवळ सोयीची बाब नसते.

दुसरा उपयोग मंडपातील. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार, मृदंग, पेटी, वीणा व टाळकऱ्यांची रांग यांचा आवाज एकाच ध्वनिवर्धक जुळणीतून जातो. ती चालविणारा बहुधा मंचाच्या बाजूला, ध्वनिक्षेपकांच्या पाठीमागे बसतो, आणि शेवटच्या रांगेत काय ऐकू येते ते त्याला कळत नाही. संमिश्रकाचे नियंत्रण टॅब्लेटवर आल्यावर त्याला मंडपभर फिरून, जेथे शब्द बुडतात तेथे उभे राहून सुधारणा करता येते. ध्वनिग्राहक शिट्टी मारू लागला, तर ती ज्या कंप्रतेवर आहे तेवढीच दाबता येते. येथे एक धोका अनुभवाने कळतो. रिकाम्या मंडपात उत्तम चाललेली जुळणी गर्दी झाल्यावर तुटते. २·४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात व म्हणून माणसांच्या शरीरात शोषल्या जातात, शिवाय शेकडो भ्रमणध्वनी त्याच पट्ट्यात बोलत असतात. यावर ५ गिगाहर्ट्झचा वेगळा प्रक्षेपक माणसांच्या डोक्यांहून उंच लावणे व एक नियंत्रक तारेने जोडून ठेवणे हे उपाय आहेत. सूत्रे संपूर्णपणे बिनतारी पटलावर सोपविणे अशा प्रसंगी शहाणपणाचे नसते.

मर्यादा : काचेला खाचाखोचा नसतात. खऱ्या सरकपट्टीवर बोट ठेवले की ती कोठे आहे हे त्वचेला कळते. काचेवर ते डोळ्यांनी पाहावे लागते. त्यामुळे ऐकण्याकडचे लक्ष पाहण्याकडे जाते आणि पटलावर नीट दिसणारे संमिश्रण कानालाही नीट वाटेल असे नाही. काही आज्ञावलींत पट्टी कोठेही बोट ठेवून सापेक्ष अंतराने सरकविता येते. त्याने अंदाज न घेता बोट टेकल्यावर आवाज एकदम उडण्याचा धोका टळतो. मोठ्या मुद्रणकक्षांत मोटारीने हलणाऱ्या खऱ्या सरकपट्ट्या टिकून आहेत, ते याच कारणाने.

अधिक गंभीर प्रश्न तयार मांडण्यांचा आहे. टॅब्लेटवरील मांडणीत ताल चौकटींच्या जाळ्यात दाखविला जातो आणि बोट टेकताच आघात जवळच्या चौकटीत ओढला जातो. हलगी, दिमडी व संबळ यांच्या वादनात आघात किंचित पुढे-मागे पडण्यालाच वजन असते. परदेशी आज्ञावलींत तबला व सतार यांचे तयार नमुने मिळतात. हलगी किंवा चौंडके यांचे क्वचितच आढळतात. म्हणून स्थानिक संगीतकार वादकाला खोलीत बसवून स्वतःचे नमुने मुद्रित करून ठेवतात व जाळ्याची ओढ बंद ठेवून किंवा अर्धवट ठेवून काम करतात. हे ज्यांनी केले त्यांची गाणी ऐकताक्षणी वेगळी ओळखू येतात. ज्यांनी केले नाही त्यांच्या आराधी गीताखाली व भीमगीताखाली एकच ठेका वाजत राहतो. ध्वनिफितीच्या काळात हा सारखेपणा शहरातून येत असे, आता तो पेटीबंद येतो.

महाराष्ट्रातील संगीतनिर्मितीचे दुसरे टोकही याच काळात दिसते. नागराज मंजुळे यांच्या सैराट (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस अँजेल्स येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे मुद्रण केले. ग्रामीण महाराष्ट्राची कथा, मराठी ठेका व हॉलीवुडचा वाद्यवृंद हा संयोग गाजला. तो ज्या खर्चाने साधला, त्याचा विचार एका खोलीतील संगीतकाराला करता येत नाही. परंतु ज्या प्रकारच्या आज्ञावलीवर असे मुद्रण जुळविले जाते, ती त्याच्याही संगणकावर असते.

नियंत्रक आज्ञावलींचे आयुष्य मात्र अल्प असते. लीमर या आज्ञावलीची विक्री २०२२ मध्ये थांबली. पुढे दुसऱ्या संस्थेने ती हाती घेऊन पुन्हा उपलब्ध केली. टॅब्लेटच्या कार्यकारी प्रणालीची आवृत्ती बदलली, की जुनी आज्ञावली उघडत नाही व वर्षानुवर्षे जमविलेल्या मांडण्या निरुपयोगी होतात. मूळ मुद्रणाच्या धारिका एकाच संगणकावर असतात आणि तो बिघडल्यावर गाण्याचे सुटे भाग नाहीसे होऊन यूट्यूबवरील संकोचित प्रत तेवढी उरते. १९८० नंतरच्या दशकातील भीमगीतांच्या व भजनांच्या ध्वनिफिती आजही घराघरांतून सापडतात व यंत्र मिळाल्यास वाजतात. त्यानंतरच्या पिढीने संगणकावर केलेल्या कामाची प्रत्येक वाहिनी स्वतंत्र, कोणत्याही आज्ञावलीत उघडणाऱ्या साध्या ध्वनिधारिकेच्या रूपात उतरवून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हा त्यावरील ज्ञात उपाय आहे. त्यास प्रत्येक गाण्यामागे काही मिनिटे व थोडी साठवणजागा लागते.